बॅटरी नवी, रिले नवा, तरी सेल्फ उचलेना: वरळीतल्या एका जुन्या मोटरसायकलचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २००७ सालची. १५० सीसी, एका सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली, किक आणि सेल्फ दोन्ही असलेली. पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतलेली. इंजिन एकदा उघडून नीट झालेलं, धूर नाही, आवाज नाही. अशी गाडी मालक सहजासहजी विकत नाहीत आणि विकूही नये.

मालक वरळी कोळीवाड्यातले, साठीला टेकलेले. गॅरेजमध्ये आम्ही त्यांना काका म्हणतो, इथेही तेच म्हणतो. काका पहाटेच्या लिलावाला ससून डॉकला जातात, माल घेऊन येतात, आणि काकू बाजारात ओट्यावर बसून तो विकतात. कोस्टल रोडवर दुचाकीला बंदी, त्यामुळे जाणंयेणं हाजीअली, पेडर रोडवरून. मागच्या सीटवर थर्माकोलचा खोका बांधलेला, त्यात मासळी आणि बर्फ. काकांचा उजवा गुडघा कामातून गेलेला आहे, डॉक्टरांनी किक मारायला मनाई केली आहे. सेल्फ बंद पडला तर त्यांच्यासाठी गाडीच बंद पडली, आणि ओटा रिकामा राहिला.

आणखी एक गोष्ट या प्रकरणात महत्त्वाची आहे. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत गाडी समुद्राच्या बाजूला, प्लास्टिकच्या कागदाखाली, भर पावसात उभी असते.

अडचण

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सेल्फ दाबला की नुसतं टिक-टिक-टिक. मोटर फिरेना. शेजारच्या पोराने किक मारली तर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या किकला चालू. चालू झाल्यावर हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत.

जवळच्या एका मेकॅनिकने टिक-टिक ऐकून सांगितलं, बॅटरी बसली. निदान अगदीच चुकीचं म्हणता येणार नाही, कारण दोन महिने उभ्या गाडीची बॅटरी उतरतेच आणि बॅटरी कमी असली की रिले (बटण दाबल्यावर बॅटरीचा जाड करंट सेल्फच्या मोटरला जोडणारा स्विच) असाच वाजतो. जुनी बॅटरी बदलीत देऊन नवी बसवली. सेल्फ उचलू लागला. थोड्या दिवसांनी पुन्हा टिक-टिक. मग रिले बदलला. पुन्हा थोडे दिवस बरे गेले, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी सांगण्यात आलं की सेल्फ मोटर गेली, पूर्ण बदलावी लागेल. मोटरचा खर्च ऐकून काका आमच्याकडे आले. तरी त्यांचं म्हणणं हेच होतं, "मोटर टाकून दे आणि मला मोकळा कर. उद्या पहाटे डॉकवर जायचंय."

आमच्यापुढचे पर्याय

पहिला पर्याय काका सांगत होते तो, मोटर बदलायची. इतक्या जुन्या गाडीत मोटरचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे घासते तुकडे) झिजलेले असू शकतात, त्यामुळे अंदाज वेडावाकडा नव्हता. पण मोटर खाली उतरवायची तर निदान एक तरी आकडा हातात हवा. तो कोणाकडेच नव्हता. दोन पार्ट बदलले गेले होते आणि व्होल्ट मोजायचा मीटर एकदाही लागला नव्हता.

दुसरा पर्याय, मोटर खोलून कार्बन आणि आर्मेचर (मोटरचा फिरता गाभा) बघायचं, साफ करून परत बसवायचं. यात पैसे कमी, वेळ जास्त. शिवाय खोलल्यावर वायरी हलतात, बोल्ट नव्याने आवळले जातात आणि दोष दुसरीकडे असला तरी काही दिवस झाकला जातो. बॅटरी आणि रिलेच्या वेळी नेमकं हेच झालं असावं, असा संशय मला काकांची हकीगत ऐकतानाच आला होता. तीन वेगवेगळे पार्ट एकापाठोपाठ खराब होणं आणि प्रत्येक बदलानंतर थोडे दिवस बरं वाटणं, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की जोडण्यांकडे बघायला हवं.

तिसरा पर्याय, काहीच न खोलता आधी मोजायचं. त्यासाठी बॅटरी पूर्ण चार्ज हवी, म्हणजे गाडी रात्रभर ठेवावी लागणार. काका नाराज झाले. "काका, आज मोटर टाकली आणि परवा पुन्हा टिक-टिक झालं तर? एक रात्र द्या," असं समजावल्यावर तयार झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना पुतण्याच्या गाडीवरून जावं लागलं. मोजायचं ठरवणं सोपं असतं, पण ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला एक दिवस थांबवणं सोपं नसतं. हा निर्णय त्यांचाही होता आणि त्यांनी तो घेतला, हे नोंदवायला हवं.

कानाने आणि डोळ्याने काय कळलं

सेल्फचे दोन भाग असतात. एक बारीक वायरींचा: चावी, फ्यूज, सेल्फचं बटण, क्लच आणि न्यूट्रलचे स्विच, रिलेची कॉइल. दुसरा जाड केबलचा: बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून रिले, रिलेकडून मोटर, मोटरच्या बॉडीतून इंजिन आणि इंजिनकडून काळ्या केबलने परत बॅटरीच्या निगेटिव्हला. रिले टिक करतोय याचा अर्थ बारीक वायरींचा भाग बहुतेक शाबूत आहे. बटण दाबून काहीच वाजलं नसतं तर शोध फ्यूज आणि स्विचकडे गेला असता. इथे अर्धी गाडी कानानेच बाजूला काढता आली.

किकला चालू होते म्हणून बॅटरी ठीक, किंवा हेडलाइट लख्ख म्हणून बॅटरी ठीक, असं बरेच जण धरून चालतात. या गाडीत दोन्ही गोष्टी गैरलागू आहेत. इथे प्लगची ठिणगी आणि हेडलाइट दोन्ही मॅग्नेटोच्या (इंजिन फिरलं की वीज बनवणाऱ्या भागाच्या) कॉइलवर थेट चालतात. इंजिन फिरलं की करंट आला, बॅटरी काढून ठेवली तरी. बॅटरीवर चालतात ते हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट, न्यूट्रलचा दिवा आणि सेल्फ. ज्या गाड्यांचं सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा डबा) बॅटरीवर चालतं त्यांच्यात हिशोब वेगळा असतो, म्हणून आपली गाडी कोणत्या पद्धतीची आहे हे आधी माहीत करून घ्यावं.

बटण दाबताना न्यूट्रलचा हिरवा दिवा जवळजवळ विझत होता. दिवा विझतो म्हणजे बॅटरीचा दाब (व्होल्टेज) पडतो, हा नेहमीचा अर्थ. पण मीटरच्या पिना थेट बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर धरल्या, तर बटण दाबल्यावरही आकडा ११ व्होल्टच्या खाली येत नव्हता. बॅटरी दम धरून होती आणि दिवा मात्र मावळत होता. या दोन निरीक्षणांचा मेळ बसेना, आणि खरा तपास तिथूनच सुरू झाला.

मोजमाप

बॅटरी काढून रात्रभर मंद चार्जिंगला लावली. ९ अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीला एक दशांश, म्हणजे ०.९ अँपिअर. सकाळी चार्जर काढून, तासदोन तास विसावा दिल्यावर १२.७ व्होल्ट. शिशाच्या बॅटरीसाठी १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२ वर आली की सेल्फसाठी तिच्यात फारसं उरलेलं नसतं. चार्जिंगआधी हीच नवी बॅटरी १२.३ वर होती. रोज चालणाऱ्या गाडीत नवी बॅटरी भरलेली का राहत नाही, हा प्रश्न तेव्हाच कागदावर लिहून ठेवला.

मोजताना अडचण अशी की रिले टिक-टिक करत उघडबंद होत होता, त्यामुळे मीटरवरचा आकडा स्थिर राहीना. पुष्कळ जण अशा वेळी पाना घेऊन रिलेचे दोन जाड बोल्ट थेट जोडतात. काकांच्या जुन्या रिलेच्या बोल्टवर तसे जळल्याचे डाग होतेच. पेट्रोलच्या टाकीखाली ठिणगी पाडायचा हा प्रकार मी करत नाही आणि कोणाला करू देत नाही. त्याऐवजी रिलेच्या कॉइलची अर्थ (निगेटिव्हकडे परतीची जोडणी) एका बारीक वायरने थेट बॅटरीच्या निगेटिव्हला दिली. त्याबरोबर टिक-टिक थांबली, रिलेने एकच ठोका दिला आणि धरून राहिला. मोटर तरीही फिरेना, पण आता आकडे वाचता येत होते.

गाडी न्यूट्रलला, प्लगची कॅप काढून प्लग अर्थला टेकवलेला, बटण एका वेळी दोन-तीन सेकंदच दाबायचं. आकडे असे आले. बॅटरीच्या दोन टर्मिनलमध्ये ११.६ व्होल्ट. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरच्या बोल्टपर्यंत ०.२. मोटरचा बोल्ट ते मोटरची बॉडी ३.०. आणि इंजिनच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ८.४. शेवटच्या तिन्हींची बेरीज ११.६ येते, म्हणजे मोजण्यात काही सुटलेलं नव्हतं.

अर्थच्या बाजूला सेल्फ दाबताना ०.२ व्होल्टपर्यंत चालतं, पॉझिटिव्हच्या बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत. इथे बॅटरीने दिलेल्या दाबापैकी दोन तृतीयांशाहून जास्त दाब एका काळ्या केबलमध्ये संपत होता आणि मोटरला ३ व्होल्ट मिळत होते. ३ व्होल्टवर नवी कोरी मोटरही फिरली नसती.

टिक-टिकचा उलगडाही इथेच झाला. या गाडीत रिलेच्या कॉइलची आणि न्यूट्रलच्या दिव्याची अर्थ इंजिनच्या बॉडीतूनच परत येते. रिले चिकटला की जाड केबलमधून करंट धावतो, इंजिनची बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हपासून आठ व्होल्ट वर उचलली जाते, कॉइलला आणि दिव्याला उरतात तीन-साडेतीन व्होल्ट. दिवा मावळतो, रिले सुटतो. सुटला की करंट थांबतो, सगळं पूर्ववत, रिले पुन्हा चिकटतो. बसलेल्या बॅटरीचा आवाज हुबेहूब असाच असतो, आणि पहिल्या मेकॅनिकचा कान तिथेच फसला.

बीपवर विसंबण्याबद्दल

आमचे मास्तर चाळीस वर्षं या धंद्यात आहेत. त्यांनी मीटर बीपवर (तार सलग असली की वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून काळ्या केबलची दोन्ही टोकं तपासली आणि म्हणाले, "अर्थ बरोबर आहे, बीप येतोय." बीप येणारच होता. बहुतेक मीटर वीस-तीस ओहमपर्यंतच्या जोडणीलाही बीप देतात. क्लॅम्प मीटरवर (केबलभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर) करंट ४० अँपिअरच्या आतबाहेर दिसत होता, म्हणजे केबलचा अडथळा साधारण ०.२ ओहम. साध्या मीटरच्या पिनांचा स्वतःचाच अडथळा तेवढा असतो.

हॉर्न का खणखणीत वाजत होता तेही यातून कळतं. हॉर्न घेतो दोनेक अँपिअर. ०.२ ओहममध्ये त्याचे ०.४ व्होल्ट जातात, कानाला फरक कळत नाही. तीच केबल ४० अँपिअरला ८ व्होल्ट खाते. म्हणून सेल्फची जाड केबल तपासायची तर तिच्यातून सेल्फचाच करंट धावत असताना तपासायला हवी. मास्तरांना आकडे दाखवले तेव्हा त्यांनी स्वतः बटण दाबून पुन्हा मोजले, आणि पुढचं काम त्यांनीच हातात घेतलं.

दोष कुठे होता

केबल नवी आणण्याआधी खात्री करून घेतली. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या स्वच्छ बोल्टपर्यंत एक जाड जंपर लावला, बटण दाबलं, आणि मोटरने इंजिन एका झटक्यात फिरवलं. जंपर काढला, पुन्हा टिक-टिक. काका समोरच उभे होते. मोटर नको, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

काळी केबल बॅटरीपासून निघून साइड कव्हरच्या आत खाली उतरते आणि क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या कवचाच्या) मागच्या बोल्टला थिंबलने (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीने) बसते. बोल्ट घट्ट होता, थिंबलही वरून स्वच्छ. आधी कोणीतरी ते साफ करून आवळलं होतं, हे दिसत होतं. पण दोन-चारदा सेल्फ दाबून थिंबलच्या मानेला बोट लावलं तर चटका बसला. मानेवरचं रबर कापलं. आत तांब्याचे तार उरलेच नव्हते म्हणायचे. हिरवी-काळी भुकटी, आणि तिच्यात अडकलेले मोजके तार. केबल मागे मागे कापत गेलो तर चार बोटांपर्यंत तार काळेच निघाले. प्लास्टिकच्या आतून खारं पाणी तारांच्या फटींतून वर चढत गेलं होतं.

पाणी आलं कुठून, हे गाडी मागून बघितल्यावर कळलं. खोक्यातला बर्फ वितळतो, मासळीचं खारट पाणी सीटवरून एकाच बाजूला ओघळतं आणि साइड कव्हरच्या वरच्या फटीतून बरोबर त्या केबलवर पडतं. कव्हरच्या आतल्या बाजूला त्याचा पांढरट माग उमटलेला होता. वर्षानुवर्षं हे चाललं, आणि बंदीच्या दोन महिन्यांत गाडी ओली उभी राहिल्यावर उरलंसुरलं तांबंही गेलं. इंजिन गरम होऊन हादरे बसले की उरलेले तार जागचे हलायचे. म्हणूनच कधी घरी सेल्फ उचलायचा आणि डॉकवर माल बांधून झाल्यावर उचलायचा नाही.

दुरुस्ती

इथे आमच्यात मतभेद झाला. मास्तरांचं म्हणणं, जुनी केबल राहू द्या, समांतर दुसरी टाका, काम अर्ध्या तासाचं. गाडी चालली असती. पण सडलेलं टोक तसंच राहिलं तर पुढे कोणी नवी केबल हलवली की जुना दोष पुन्हा डोकं वर काढणार, आणि तेव्हा समोरच्याला काहीच समजणार नाही. जुनं टोक कापून नवं थिंबल लावायचं, हाही विचार झाला. तार वरपर्यंत काळे असल्याने तो बाद. शेवटी पूर्ण केबल नवी घातली, मूळच्या केबलपेक्षा किंचित जाड. कथिल चढवलेलं थिंबल दाबयंत्राने दाबलं, मानेवर आतून गोंद असलेली श्रिंक नळी चढवली. इंजिनच्या बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, आवळल्यावर वरून व्हॅसलीन. केबलचा मार्ग थोडा आत सरकवला, जेणेकरून कव्हरच्या फटीखाली ती येणार नाही.

रिले आणि बॅटरी नव्याच होत्या, त्या तशाच ठेवल्या. मोटर खोलली नाही.

परिणाम

बसवल्यावर तीच मोजणी पुन्हा केली. मोटर फिरत असताना बॅटरीवर १०.६, पॉझिटिव्हच्या बाजूला ०.४, अर्थच्या बाजूला ०.१५, मोटरला १०.०५. पॉझिटिव्हचा आकडा वाढलेला दिसतो, कारण आता करंट पूर्ण धावतो आहे. सेल्फ फिरताना बॅटरी साडेनऊच्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय घ्यावा लागला असता.

कागदावर लिहिलेल्या प्रश्नाचंही उत्तर मिळालं. इंजिन चालू ठेवून, रेस देऊन बॅटरीवर मोजलं, तर दुरुस्तीआधी साडेतेराच्या आसपास येत होते, आता १४.२. या गाडीत रेक्टिफायरचा (मॅग्नेटोची वीज बॅटरीला चार्जिंगसाठी देणाऱ्या भागाचा) परतीचा रस्ताही चासी आणि इंजिनमार्गे त्याच काळ्या केबलने जातो. चार्जिंगच्या दोन-तीन अँपिअरलाही ती केबल अर्धा व्होल्ट खात होती, आणि नवी बॅटरी रोज अर्धपोटी राहत होती. नवी बॅटरी टाकल्यावर थोडे दिवस सेल्फ चालला आणि मग बसला, त्यात या उपाशी राहण्याचाही वाटा होता. शेवटी चावी बंद करून मिलिअँपिअरमध्ये गळती मोजली. ती नगण्य होती.

पावसाळा सरला, दिवाळी झाली, सेल्फची तक्रार नाही. काकांनी खोक्याखाली काठाचा प्लास्टिक ट्रे बसवून घेतला आणि त्याची नळी मागच्या चाकाच्या पलीकडे सोडली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच वेळी जुनी बॅटरी चार्ज करून, सेल्फ दाबत मोजली असती तर ती खरोखर गेली होती की नुसती उतरली होती, हे कळलं असतं. ती बदलीत गेल्यामुळे ती संधीच गेली. पार्ट बदलला तरी जुना पार्ट गिऱ्हाइकाने निदान महिनाभर स्वतःकडे ठेवावा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. दुकानदार बदलीचे पैसे कमी देईल, तरीही ठेवावा.

रिले बदलण्याच्या वेळी तर थांबायलाच हवं होतं. नव्या बॅटरीवर टिक-टिक परत येणं हीच खूण होती की पहिलं निदान अपुरं आहे. तिथे दोन मिनिटं मीटर बॅटरीच्या निगेटिव्ह आणि इंजिनमध्ये धरला असता, तर रिले आणि मोटर दोन्ही विषयच निघाले नसते. टिक-टिकमुळे आकडा नाचत राहतो, पण नाचतानाही तो दोन-चार व्होल्टच्या वर उसळताना दिसतोच.

काकांच्या बाजूने बंदीच्या काळाचं काय, यावर आम्ही बराच वेळ बोललो. पुढच्या १ जूनच्या आधी बॅटरी काढून घरात कोरड्या जागी ठेवायची, महिन्यातून एकदा मंद चार्जिंगला लावायची, आणि साइड कव्हर काढून आतला भाग गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, पूर्ण वाळवायचा, असं ठरलं. रिलेपासून मोटरपर्यंतची लाल केबल अजून मूळचीच आहे. आज तिचे आकडे चांगले आहेत. वय आणि खारं पाणी तिच्याही वाट्याला आलेलं असल्याने, पुढच्या ऑगस्टमध्ये गाडी पुन्हा रस्त्यावर उतरण्याआधी तिचं मोजमाप पुन्हा करायचं आहे, आणि आजचे आकडे त्यासाठी काकांच्या सर्व्हिसच्या वहीत लिहून दिले आहेत.